टेपचे पहिले पंधरा फूट

३ ऑक्टोबर २०१८, बुधवार

"टेप चढवायच्या आधी मागून बोट फिरवायचं. डोळे चुकतात, बोट चुकत नाही." मी एकोणीस वर्षांची असताना मिस्टर क्रॅग मला हे म्हणाले होते. घरांसाठी कर्ज देणाऱ्या एका संस्थेच्या कॉम्प्युटर खोलीत ते पाळीचे मुख्य होते आणि मी नवी मुलगी. आज त्यांचं वाक्य मला आठवलं, पण चार सेकंद उशिरा.

लिहून ठेवते. म्हणजे उद्या मला स्वतःलाच काही वेगळं सांगता यायचं नाही.

टेपच्या चाकाला मागच्या बाजूनं एक गोल खाच असते. तिच्यात प्लॅस्टिकची रिंग बसवलेली असली तर टेपवर लिहिता येतं, म्हणजे आधीचं पुसलंही जातं. रिंग काढली की टेप फक्त वाचता येते. बोट त्यासाठी. आमच्या जुन्या कॉम्प्युटरांच्या संग्रहालयात कुठलीही जुनी टेप वाचण्याआधी मी यंत्राची परीक्षा घेते. एक भंगार टेप चढवायची, तिच्या सुरुवातीला खुणा लिहायच्या, त्या नीट वाचता आल्या की मग खरी टेप. आज टेबलावर दोन चाकं होती, दोन्ही करडी. फोन वाजला. शाळेची सहल रद्द झाल्याचं सांगत होते. मी फोन ठेवला, चाक उचललं, चढवलं, परीक्षा सुरू केली. आणि मग भंगार टेप टेबलावरच पडलेली दिसली.

थांबवेपर्यंत सुरुवातीचे पंधरा फूट पुसले गेले होते.

ती टेप मिस एनिड हॅलिवेल यांची. वय ऐंशी. पन्नास वर्षांपूर्वी मँचेस्टरजवळच्या एका तांत्रिक कॉलेजात एकच कॉम्प्युटर होता, खोलीएवढा. कुणाचं काम आधी घ्यायचं, कुणाचं थांबवायचं, छापायचं काय, हे सगळं त्या यंत्राला स्वतःचं स्वतः सांभाळता यावं म्हणून दोघांनी एक प्रोग्राम लिहिला. आज त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ते त्याला कर्लू म्हणायचे, माळावरच्या लांब चोचीच्या पक्ष्यावरून. दोघं म्हणजे मिस हॅलिवेल आणि डेस्मंड फेअरक्लफ. डेस्मंड एकतिसाव्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेला. त्यानंतर दोन वर्षांनी यंत्र भंगारात काढलं.

तीन आठवड्यांपूर्वी मिस हॅलिवेल टेप घेऊन आल्या तेव्हा ती बशा पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली होती. म्हणाल्या, "सुरुवात डेस्मंडची आहे. यंत्र जागं होतं तो भाग. आयुष्यात त्यानं तेवढंच लिहिलं. पुढचं सगळं माझं, ते गेलं तरी चालेल."

संग्रहालयात मदतीला येणारा नेव्हिल चहा घेऊन आला तेव्हा मी यंत्रासमोर उभी होते.

"काय गं, भूत बघितलंस?"

"फोन होता. सहल रद्द."

"बरं झालं. मागच्या सहलीनं माझ्या छपाईयंत्रात च्युइंगम घातलं होतं."

मी हसले. खरंच हसले.

९ ऑक्टोबर, मंगळवार

उरलेली टेप वाचून झाली. नेव्हिलच्या बायकोचं सफरचंदाच्या चकत्या सुकवायचं यंत्र आहे, त्यात ती आठ तास मंद ऊन दिल्यासारखी ठेवली होती. तसं केलं नाही तर जुन्या टेपचा डिंक सुटतो आणि तपकिरी लेप वाचता वाचताच निघून येतो. लेप कुठेही निघाला नाही. एक अक्षर गहाळ नाही. सत्तेचाळीस वर्षं तिनं सगळं सांभाळलं होतं.

नेव्हिलला म्हटलं, "सुरुवात खराब निघाली."

नेव्हिल पूर्वी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं कॉलेजातल्या त्या जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्राम लॅपटॉपवर लिहिला, तीन वर्षं खपून. त्या सोंगात कर्लू चालवून बघायचा, एवढ्यासाठीच तो दर मंगळवारी येतो, अधूनमधून इतर दिवशीही.

"बाहेरचे वेढे आधी जायचेच," तो म्हणाला. "ओल, थंडी, सगळं तेच खातात. तू कशाला तोंड पाडतेस? तुझा काय दोष त्यात?"

आणि त्यानं स्वतःच्या डब्यातल्या, मटण भरून भाजलेल्या पाईचा अर्धा भाग मला दिला. वर दुमडलेल्या कडेचा खरपूस तुकडा मला आवडतो म्हणून तोही. मी खाल्ला.

खोटं जुळवावं लागलं नाही. आमच्या धंद्यानं ते आधीच तयार करून ठेवलं होतं.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

सांगायला म्हणून गेले होते. मनाशी वाक्यसुद्धा पक्कं केलं होतं. खरं नव्हे, ओल लागल्याचंच, पण निदान गेलं म्हणून सांगणार होते.

मिस हॅलिवेल यांनी केस सेट करून घेतले होते. टेबलावर मनुकांचे केक, चांगल्या कपबशा. मी बसायच्या आतच त्यांनी विचारलं, "डेस्मंडचं कितपत निघालं?"

"निघतंय," मी म्हणाले.

हा शब्द माझ्या तोंडून कसा गेला ते मला अजून कळत नाही. कदाचित केसांमुळे.

त्या सांगत राहिल्या. डेस्मंड वर डोंगरातला, मेंढपाळाचा मुलगा. कॉलेजात तो यंत्राला तेल घालणारा, तारा जोडणारा. अक्षर घाण. प्रोग्राम लिहायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "पण मी रोज सकाळी यंत्र चालू करताना कशी चिडते ते तो बघायचा. माहिती साठवायचा फिरता ड्रम वेगात यायला अकरा सेकंद लागायचे, तोवर दुसरं काही करता यायचं नाही. एके सोमवारी येऊन बघते तर यंत्र आपलं आपण जागं होतंय. वाट बघताना ते काय करायचं, ते सांगत नाही मी. तू वाचशीलच. पहिल्याच पानावर आहे. दिसलं?"

"अजून तिथपर्यंत पोचले नाही."

त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. मग म्हणाल्या, "टेप अजून सुरुवातीपासूनच वाचतात ना गं?"

"हो, सुरुवातीपासूनच."

म्हातारपणी माणसं साध्या गोष्टी पुन्हा पुन्हा विचारतात. आईचंही असंच होतं. निघताना त्यांनी उरलेले केक मला बांधून दिले.

२१ ऑक्टोबर, रविवार

केक फेकले. मग कचऱ्यातून काढून बाहेर पक्ष्यांना घातले. खाण्याचं धैर्य झालं नाही.

एक विचार दोन दिवस डोक्यात आहे. पुढचा सगळा भाग शाबूत आहे. सुरुवातीचा भाग संपतो तेव्हा कुठल्या जागी काय ठेवलेलं असायला हवं, हे पुढच्या भागावरून ठरवता येतं. म्हणजे दुसऱ्या काठावर काय पोचलं हे माहीत असलं की मधला पूल बांधता येईल. मी ते यंत्र ओळखते. मला लिहिता येईल. फक्त चालण्यापुरतं. मग सांगेन.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहिते आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांचं वाचण्यातच गेली, मला स्वतःला लिहिता येतं हे विसरले होते. आज एक गुंता सुटला तेव्हा खोलीत एकटीच होते आणि टाळी वाजवली.

नंतर फार घाण वाटलं.

३ नोव्हेंबर, शनिवार

कर्लू चालला.

नेव्हिलनं लॅपटॉपवर त्याचं सोंगयंत्र सुरू केलं, मी माझी सुरुवात आणि मिस हॅलिवेल यांचं पुढचं असं जोडून दिलं. अकरा सेकंद काही झालं नाही. मग पडद्यावर अक्षरं आली: कर्लू तयार आहे, काम सांगा. एकोणीसशे एकाहत्तरनंतर बहुधा पहिल्यांदाच कुणाला तरी त्यानं काम विचारलं असेल. नेव्हिल खुर्चीतून उठला, खिडकीशी गेला आणि तिकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते.

"मूर्ख म्हातारा झालोय मी," तो म्हणाला. "बघ ना, शेगडी पेटल्यावर कधी रडलो नाही."

त्यानं विचारलं, सुरुवात कशी मिळाली. म्हटलं, टेप अगदी सावकाश फिरवून पुन्हा वाचली. त्यानं सुरुवातीचा मजकूर चाळला आणि म्हणाला, "सही कुठाय? ती म्हातारी म्हणाली होती ना, डेस्मंड प्रत्येक पानाच्या टिपणात सही ठोकायचा."

"शेवटच्या वाचनात येईल," मी म्हटलं.

घरी येऊन तीन ठिकाणी दोन अक्षरं टाकली. डे. फे.

हेही लिहून ठेवते. इथे निदान खोडत नाही.

१ डिसेंबर, शनिवार

संग्रहालयाचा खुला दिवस. जुन्या गिरणीचा वरचा मजला, गार पडलेल्या भिंती, तरी साठ-सत्तर माणसं आली. दारात नेव्हिलनं फलक लावला होता: डेस्मंड फेअरक्लफ यांनी लिहिलेली सुरुवात, सत्तेचाळीस वर्षांनी.

मिस हॅलिवेल निळा कोट घालून आल्या. त्यांनी स्वतः यंत्राला काम सांगितलं, पहिल्या शंभर मूळ संख्या छाप म्हणून, आणि कर्लूनं त्या छापल्या. टाळ्या. मग त्या म्हणाल्या, "सुरुवातीचा कागद दे बघू." मी छापील कागद दिले. त्या खुर्चीत बसून वाचत राहिल्या. लोक पांगले, चहाला गेले, तरी वाचत होत्या.

"किती नीट आहे," अखेर म्हणाल्या.

"हो ना."

"डेस्मंडला नीट म्हणायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं." त्यांनी एका ओळीवर नख ठेवलं. "इथे वाट बघताना नुसतं मोजतंय."

"एक ते अकरा हजार," मी म्हटलं.

"हं." त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि माझा हात धरला. "बोटं किती गार आहेत तुझी. काही सांगायचंय का?"

"नाही, दमले आहे फक्त."

कुणीतरी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यातलं माझं जेवढं आहे तेवढं मी ओळखलं. या मुलीनं फार मेहनत घेतलेली दिसते." आणि बसल्या. लोकांना भाषण लहान वाटलं. मला वाटतं आठवणींनी त्यांना भरून आलं असावं. जाताना चहासुद्धा घेतला नाही.

सगळे आनंदात होते. मीही होते. हे खरं आहे, म्हणून लिहिते.

५ डिसेंबर, बुधवार

मिस हॅलिवेल यांचं कार्ड आलं. "रविवारी चहाला ये. एकटी." आभार मानायचे असतील. शनिवारी नीट बोलता आलं नाही म्हणून.

जायला नको वाटतंय. सर्दी झाल्याचं कळवावं का?

९ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

ठरवून नाही. त्यांनी दार उघडलं, कोट घेतला, आणि स्वयंपाकघरात टेबलावर माझे ते घडी केलेले कागद होते. शेजारी पेन्सिल. प्रत्येक "डे. फे."भोवती बारीक गोल काढलेला.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी सांगतेस की आधी चहा?"

मी सगळं सांगितलं. फोन, करडी चाकं, बोट न फिरवणं, पंधरा फूट, "निघतंय", टाळी वाजवली तेही. केटली शिट्टी मारून थकली तेव्हा त्यांनी उठून बंद केली.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"टेप सुरुवातीपासून वाचतात, पोरी. आणि तू पहिल्या पानापर्यंत पोचलीच नव्हतीस." त्यांनी कप ठेवले. "तेव्हा वाटलं, बाई, ही घाबरलीय, सांगेल पुढच्या वेळी. मग तुमचा फलक बघितला."

मी रडले. त्यांनी रुमाल दिला नाही, किचनचा कागद फाडून दिला.

"नाक पूस. टेप पुसलीस त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. मी एकदा अख्ख्या कॉलेजच्या पगाराची टेप पुसली होती. साहेबाकडे गेले, सांगितलं, शिव्या खाल्ल्या, रात्रभर सगळं पुन्हा घातलं. रिंग काढून द्यायला हवी होती, ती मीही काढली नव्हती. ते आपलं दोघींचं."

मग त्यांनी मला ते विचारलं, जे मला आधीच कळायला हवं होतं.

"कॉम्प्युटर खोलीत काम केलंस ना तू? टेपच्या किती प्रती ठेवायचात?"

"तीन. आजोबा, बाप, मुलगा."

म्हणजे आजची ताजी प्रत मुलगा, तिच्या आधीची बाप, त्याच्या आधीची आजोबा. तिन्ही एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, आणि एक वाचून परत आल्याशिवाय दुसरी हातात द्यायची नाही. हे मलाच शिकवलेलं होतं. एवढ्या महिन्यांत एकदाही डोक्यात आलं नाही.

"आजोबा कॉलेजबरोबर गेला," त्या म्हणाल्या. "तुला मुलगा दिला होता. बाप माझ्याकडे आहे. तू मुलगा नीट वाचलास की बाप तुझ्याकडे आणायचा, असं ठरवलं होतं. तीच पद्धत असते."

"म्हणजे डेस्मंडचं..."

"आहे. तुला माहीत नाही कर्लू वाट बघताना काय करायचा. मेंढ्या मोजायचा. डोंगरातले मेंढपाळ मोजतात तसं. यान, तान, तेथेरा, असं वीसपर्यंत. वीस झाले की एक खडा दुसऱ्या खिशात. यंत्रात खिसे नसतात, म्हणून डेस्मंडनं दोन जागा धरल्या होत्या, शेजारी टिपणात लिहिलेलं, 'डावा खिसा', 'उजवा खिसा'. अकरा सेकंदात कर्लू किती मेंढ्या मोजायचा ते मला पाठ आहे. पाचशे वीस. त्यानंतर यंत्र जागं."

आणि मी तिथं एक ते अकरा हजार मोजलं होतं.

"ती टेप मला द्या," मी म्हटलं. स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

"नाही." आवाज चढला नव्हता. "सत्तेचाळीस वर्षं मी एकटीच सांगत आले की ते त्याचं होतं. कुणाला खरं वाटायचं नाही. तारा जोडणारा काय लिहिणार, एनिडनंच लिहिलं असेल, लाडानं त्याचं नाव घातलं असेल. आणि आता त्याच्या नावाखाली तुझं लोकांना दाखवलंस. नीटनेटकं. लोकांना तेच खरं वाटलं. उद्या त्याचं आणलं तर म्हणतील, हे गबाळं कुणाचं?"

"मी सगळ्यांना सांगेन."

"ते तू सांगच. पण टेप माझ्याबरोबर मातीत जाईल. चुकीचं दिसण्यापेक्षा न दिसलेला बरा तो."

मग चहा घेतला. खरंच घेतला, दोघींनी. त्यांनी माझ्यासाठी दोन चमचे साखर घातली. विचारलं नाही, लक्षात होतं.

१० डिसेंबर, सोमवार

नेव्हिलला सांगितलं. ऐकताना तो लॅपटॉपच्या झाकणावरची धूळ पुसत होता.

"मी त्या दिवशी रडलो होतो, जॅनीन."

"माहीत आहे."

"तुझ्यासमोर रडलो. आणि तू तिथं उभी होतीस."

तो जिना उतरून गेला. खालून फलक काढल्याचा आवाज आला, खिळे एकेक करून. परत आला आणि म्हणाला, "नवा तू लिही. तुझ्या अक्षरात. 'मी पुसलं, मी लिहिलं', असं. गोलगोल नको." मग, माझ्याकडे न बघता, "सुरुवात चांगली लिहिलीयस हलकट, तेच तर वाईट आहे."

तो मंगळवारी येणार नाही म्हणाला. पुढच्या मंगळवारचं विचारायचं धाडस झालं नाही.

१३ डिसेंबर, गुरुवार

फलक लागला. विश्वस्तांना कळवलं, खुल्या दिवशी आलेल्या ज्यांचे पत्ते होते त्यांनाही. एकानं उलट लिहिलंय की यात एवढं काय, प्रोग्राम चालला ना. ते वाचून मला खुल्या दिवशीची मी आठवले.

मिस हॅलिवेल यांना पत्र लिहायला बसले. तीन कागद फाडले. तिन्हींत माझंच दुःख होतं. मला किती वाईट वाटतं, झोप लागत नाही, माफ करा. त्यांनी ते का वाचावं? माझ्या दुःखाचा डेस्मंडला काही उपयोग नाही. टेप सत्तेचाळीस वर्षांची आहे, त्या ऐंशीच्या. कपाटात आहे की पलंगाखाली, ओल किती, मला ठाऊक नाही. पुढच्या हिवाळ्यात तो डिंक धरेल का, हे कुणीच सांगू शकत नाही. आणि त्या हट्टी आहेत. हट्टी नसत्या तर इतकी वर्षं एकट्या सांगत राहिल्या नसत्या.

चौथ्या कागदावर एवढंच लिहिलं. उत्तर येईल ते मला आताच दिसतंय, त्यांच्या त्या सरळ अक्षरात, एका शब्दाचं. तरी सकाळी पेटीत टाकणार आहे.

"मिस हॅलिवेल, लीड्सला मिसेस ओकेंडन म्हणून एक बाई आहेत. टेपा वाचण्यात माझ्यापेक्षा हुशार आणि स्वभावानं फटकळ. त्यांना मी सगळं खरं सांगितलं आहे. त्या तुमच्या घरी यंत्र घेऊन येतील, तुमच्या डोळ्यांसमोर वाचतील, आणि जे निघेल ते फक्त तुमच्या हातात देतील. मी तिथं नसेन. जे निघेल ते मला कधी दाखवलं नाहीत तरी चालेल. डेस्मंडची टेप त्यांना वाचू द्या."